बारा घरांचं गाणं

"आज परत गिटारीच्या कानात काहीतरी सांगतायत," खिडकीतून खाली बघत आई म्हणाली, "आणि आज ती ऐकत नाहीये."

बाबांनी पेपरमागूनच विचारलं, किती वेळ झाला. आईनं सांगितलं, कुकरच्या तीन शिट्ट्या.

कोपरीला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दामूकाका नाखव्यांचं अंगण होतं. आमची इमारत त्या मानानं नवी, तळमजला आणि वर दोन माळे. तिच्या कुंपणाला लागून जुनी कोळी वस्ती, आणि त्या वस्तीतलं कुंपणाला अगदी चिकटलेलं घर काकांचं. रोज सकाळी नऊच्या सुमारास काका स्टूल घेऊन अंगणात यायचे, गिटार मांडीवर घ्यायचे आणि इतके वाकायचे की तोंड थेट गिटारीच्या भोकाशी जायचं. मग आत काहीतरी गुणगुणायचे. लगेच कान लाकडाला लावायचे, एक खुंटी जरा पिळायचे, पुन्हा तोंड भोकाशी. सहा तारा, सहा खुंट्या आणि भरपूर वेळ. कुणी कुंपणावरून हाक मारून म्हटलं की काका, झाली का लावून, तर वर न बघता उत्तर यायचं, "घाई कोनाला हाय?"

काका गिटारीला नक्की काय सांगतात, यावर इमारतीत एकमत नव्हतं. दुसऱ्या माळ्यावरच्या साठेकाकूंच्या मते तो मंत्र होता. आमच्या वॉचमनचं म्हणणं की म्हातारा आत झुरळ आहे का ते विचारतो. बाबा म्हणायचे, एकट्या माणसानं गिटारीशी बोलावं हे उत्तम. मधे बोलत नाही.

एवढ्या मेहनतीनं लावलेल्या गिटारीतून जे निघायचं, ते मात्र कोपरीत दुसऱ्या कुणाच्या घरातून निघत नसे. सावकाश, जड पावलांनी चालणारं, मधेच तार ताणून तिला जरा कण्हायला लावणारं. काका त्याला ‘ब्लूज’ म्हणत. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं, असं मी पुढे कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं. काकांची व्याख्या वेगळी होती. "आपली होडी दोर सुटून गेली, नि ती दिसनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभा रायलेला मानूस जे गुनगुनतो, ते ब्लूज." मी विचारलं नव्हतं. मी काहीच विचारत नसे. ते आपणहून सांगायचे.

तरुणपणी काका सहा वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा जहाज बिघडून एका अमेरिकन बंदरात अकरा दिवस अडकलं. बंदराचं नाव दर वेळी वेगळं असायचं, पण अकरा हा आकडा कधी बदलला नाही. धक्क्याजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा गिटार वाजवत बसायचा. त्याला काकांची भाषा येत नव्हती, काकांना त्याची. काका अकरा दिवस समोर बसून त्याची बोटं बघत राहिले. बाराव्या दिवशी जहाज सुटलं. पुढच्या बंदरात काकांनी एका गोऱ्या खलाशाकडून जुनी गिटार मिळवली, आणि तिच्या बदल्यात त्याला घरून आणलेले सुके बोंबील दिले, डबाभर. "त्याला कालवन करता आलं का नाय, देव जाने," काका म्हणायचे. "मना मात्र वाजवता आलं."

लग्न झाल्यावर त्यांनी समुद्र सोडला आणि डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात लागले. तिथे नोकरीभर त्यांनी दुसरी पाळी मागून घेतली. लोक पहिल्या पाळीसाठी भांडायचे आणि हा माणूस मिळालेली पहिली पाळी दुसऱ्याला देऊन टाकायचा. का, तर "सकाल माजी हाय." कारखान्यात त्या आठवड्यात कुठला रंग चालू आहे, ते काकांच्या नखांवरून कळायचं. गिटारीच्या दांड्यावर, त्यांचा अंगठा जिथे घासायचा तिथे, हळदीसारखा एक पिवळा पट्टा कायमचा बसला होता.

रविवारी आणि लग्नसराईत ते बेंजो पार्टीत असायचे. कोळी लग्नातली बेंजो पार्टी म्हणजे बेंजो, ढोलकी, एक कॅसिओ आणि अंगात येईल असा आवाज. तिथे ब्लूजला जागा नव्हती, पण काका ती काढायचे. एकदा एका हळदीत सगळे दमून पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात यांनी सुरू केलं. नवरीचा मामा काळजीनं जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दामू, कोन गेला?" काकांनी मान हलवली, म्हणाले, थांब, येतंय. आणि खरंच थोड्या वेळानं भिंतीशी बसलेल्या तीन म्हाताऱ्या डोळे मिटून डुलायला लागल्या. मामाला मात्र शेवटपर्यंत ते शुभ वाटलं नाही.

त्यांच्या बायकोचं, हिराबाईचंही मत मामासारखंच होतं. ती मासे, तिच्या भाषेत म्हावरा, विकायची. पाटी डोक्यावर घेऊन निघताना नवऱ्याची ती कण्हणारी तार ऐकली की अंगणातून ओरडायची, "मी जिती हाय अजून. कोनासाठी रडतंस?"

हिराबाई रोज नऊ वाजता आमच्या जिन्याच्या तळाशी यायची आणि पाटी न उतरवता, एक हात तोंडाशी धरून वर हाक द्यायची. जिना उंच आणि अरुंद, त्यामुळे हाक गच्चीपर्यंत चढायची. माझी शाळा दुपारची होती. ती हाक आली की मी अंघोळीला पळायचं, असं आमच्याकडे घड्याळाऐवजी ठरलेलं होतं.

पण कधीकधी आई हातात ताट देऊन मलाच दारात पाठवायची. माझी पंचाईत अशी की मी इंग्लिश मिडियमची. मराठी बोलताना चुकेन अशी भीती, आणि इंग्रजी बोलायला कोपरीत माणूस नाही. त्यामुळे मी गप्प राहण्याची भाषा चांगली शिकले होते. मी ताट धरून नुसती उभी राहायचे. हिराबाईनं त्यावर उपाय काढला. ती दोघींच्या वाटचं बोलायची. "आता तू म्हननार, हिराबाय, लय म्हाग लावलास. मी म्हनन, नाय गो बाय, बग कल्ले कसं लाल हायत. मग तू जायला निघनार. मग मी म्हनन, ये गो ये." असं म्हणत म्हणत ती स्वतःचाच भाव पाडायची आणि वर एक मासा टाकून म्हणायची, "लय घासाघीस करतंस तू." आई आतून हसायची. मला वाटतं, त्या जिन्यात मी बोलल्याशिवाय माझ्याशी गप्पा मारणारी ती एकटीच होती.

मी नववीत असताना हिराबाई गेली. चार दिवस ताप आला आणि संपलं. अंगण काही महिने गप्प होतं. मग एके दिवशी काका परत स्टूल घेऊन आले, आता वाकून गिटारीच्या कानाला लागले, आणि आमच्या इमारतीला मतं व्यक्त करायला नवा विषय मिळाला.

हे सगळं सांगायचं कारण माझ्याकडे असलेली एक कॅसेट. काकांनी नोकरी संपल्यावर, वयाच्या साठीत, आयुष्यात एकदाच केलेली. तिच्यावर कीबोर्ड नाही, ढोलकी नाही. एक माणूस आणि एक गिटार. आणि अगदी सुरुवातीला, गिटारीच्याही आधी, थोडा वेळ दुसरंच काहीतरी आहे, ज्याबद्दल आतल्या कागदावर मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तो कागद मीच लिहिला असूनही.

कॅसेटचं काकांच्या डोक्यात आलं ते बोटांमुळे. डाव्या हाताची करंगळी रिटायर व्हायच्या आधीच बधिर झाली होती. आता शेजारचं बोट त्याच वाटेवर होतं. डॉक्टरनं नस, वय, रंगाचं काम अशी बरीच कारणं दिली आणि उपाय एकही दिला नाही. काकांनी हिशेब केला, "दोन बोटांनी ब्लूज होतो. त्या म्हाताऱ्याची पन दोनच चालायची. पन मना दोन बोटांचा शिकायला परत अकरा दिवस कोन देनार? हे बोट हाय तवर वाजवून घेतो."

त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात पूर्वी जोगळेकर नावाचे गृहस्थ होते. कारखान्यातल्या सत्यनारायणाच्या पूजेला माईक लावता लावता त्यांना आवाजाचा नाद लागला आणि नोकरी सोडून त्यांनी डोंबिवलीतच मानपाडा रस्त्याला एका ब्लॉकमध्ये स्टुडिओ काढला. त्यांनी काकांना हो म्हटलं, पण गणपती तोंडावर आले होते आणि स्टुडिओत आरत्यांच्या कॅसेटची रांग लागली होती. एकच मंगळवार रिकामा होता, दहा ते चार. तो चुकला तर थेट दिवाळीनंतर. काकांनी बोट उघडमीट करून पाहिलं आणि म्हणाले, मंगळवार.

मग ते कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "कॉन्व्हेंट, एक काम हाय. बोलायचं नाय, लिवायचं हाय."

काका मला कॉन्व्हेंट म्हणत. मी कॉन्व्हेंटमध्ये नव्हते, पण ते सांगायला बोलावं लागलं असतं.

त्यांना कॅसेटच्या आतला कागद इंग्रजीत हवा होता. का, तर एखादी कॅसेट फिरत फिरत त्या बंदरात गेली तर त्या म्हाताऱ्याला वाचता यायला हवी. तो म्हातारा काकांच्या तरुणपणीच सत्तरीचा होता. मी वहीत मान घातली आणि लिहायला लागले.

दोन-तीन संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. ते सांगायचे, मी इंग्रजीत उतरवून वाचून दाखवायची. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण लांबी कळायची. ‘मी खलाशी होतो’ एवढंच वाचलं की म्हणायचे, "लय छोटं झालं गो. सहा वर्स होतू मी." मग मी एक-दोन विशेषणं घालायची. ते ऐकून खूश व्हायचे, "आता कसं समुद्रासारखं वाटतंय."

कॅसेटचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, ‘बारा घरं’. ब्लूजचं एक आवर्तन बारा मात्रागटांचं असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. काका त्याला घरं म्हणत आणि गिटारीच्या दांड्यावर बोट फिरवत समजावत. पहिली चार घरं तळमजल्यावर. मग जिना चढून पहिल्या माळ्यावर दोन. परत खाली येऊन दोन. मग एकदम दुसऱ्या माळ्यावर एक, उतरताना पहिल्यावर एक आणि शेवटची दोन पुन्हा खाली. झालं, फेरी पुरी. सूर कुठे चढतो, कुठे उतरतो, ते मला इतकं स्वच्छ कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी कागदावर ‘घरं’ ऐवजी इंग्रजीतला नेहमीचा शब्द, ‘बार’, टाकला. काकांनी तो ऐकला, विचारलं, ह्याचा अर्थ घर होतो का. मी मानेनं नाही म्हटलं. म्हणाले, मग खोड.

वहीत मी त्या बारा घरांचं चित्र काढून ठेवलं होतं, तीन माळे आणि बाणाने जाणं-येणं. आई भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघत राहिली.

"ही आपली इमारत आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं, ब्लूज आहे.

"अगं, ही हिराबाईची फेरी आहे. खाली चार घरं. त्यातल्या पेठेबाई आणि त्यांची जाऊ आधी ‘बघते’ म्हणायच्या, म्हणून वरची दोन करून परत त्यांच्याकडे यायचं. मग साठेकाकू दुसऱ्या माळ्यावर, त्या खाली यायच्या नाहीत. उतरताना आपण, कारण तोवर तुझी अंघोळ झालेली असायची. आणि शेवटी परत खाली, जिन्याच्या तोंडाशी समोरासमोरच्या दोन दारांत पाटी टेकून बसायची ती. पाणी मागायची." आईनं एक शेंग मोडली. "अंगणात सगळं ऐकू येत असणार काकांना. कुठल्या दारात आहे ते."

मी त्या चित्राकडे बघत राहिले. काकांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, आणि या वेळी ते लाजेमुळे नव्हतं.

मंगळवारी काकांच्या पुतण्यानं आम्हाला टेम्पोतून डोंबिवलीला सोडलं. टेम्पो माशांचा. गिटार बर्फाच्या रिकाम्या खोक्यांमध्ये गोधडीत गुंडाळून ठेवली होती. मी सोबत होते कारण कुठली चीज कितव्यांदा चांगली झाली ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. काकांनी आईला सांगितलं, पोर तशी बोलत नाय, स्टुडिओत अशीच मानसं लागतात.

जोगळेकरांच्या दारावर पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात. शंका बाहेरच विचाराव्यात.’ आत भिंतींना नातेवाइकांकडून गोळा केलेल्या जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. एका गादीच्या खोळीवर मोर होते. दार बंद झालं की बाहेरचा रस्ता कापून टाकल्यासारखा नाहीसा व्हायचा. कीबोर्डवर मिलिंद नावाचा मुलगा होता, पंचवीस-सव्वीसचा, बोटं सारखी चालू असलेली. त्यानं आमच्याकडे बघून नाक जरा वर केलं आणि मग सभ्यपणे खाली केलं.

काका खुर्चीवर बसले, वाकले आणि गिटारीच्या भोकाशी तोंड नेलं.

इतकी वर्षं मी ते वरून, खिडकीतून, रस्त्याच्या आवाजातून बघितलं होतं. त्या दिवशी मी चार हातांवर होते आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. त्यात शब्द नव्हते. मिटल्या ओठांमागे एक सूर सरळ निघायचा, मधे एकदम चढायचा आणि वर जाऊन रेंगाळायचा. मला उगाच उठून दार उघडावंसं वाटलं. का ते कळेना, म्हणून मी वहीत तारीख घातली.

गिटार लागली. मिलिंदनं कीबोर्डवर एक सूर दाबला, काकांच्या तारेकडे कान दिला, पुन्हा दाबला.

"काका, तुमची गिटार उतरलीय. पाऊण सूर तरी. नाही, पाऊण पण नाही, मधेच कुठेतरी आहे."

"उतरली नाय," काका म्हणाले. "बसलीय. तिच्या जागेवर."

जोगळेकर मधे पडले. त्यांचं मराठी स्वच्छ आणि समजूतदार होतं. ते म्हणाले, दामूशेठ, नुसती गिटार कुणी ऐकत नाही, मागे कीबोर्ड हवाच, आणि दोघांचा सूर एक नको का? काका म्हणाले, घाई कोनाला हाय. जोगळेकर म्हणाले, मला, चार वाजता आरतीवाले येणार आहेत. मग दोघं हसले आणि आधी चहा घेऊ म्हणून बाहेर गेले.

खोलीत मी आणि मिलिंद उरलो. मिलिंद वाईट मुलगा नव्हता. त्यानं गिटार उचलली, कीबोर्डवर सूर धरून ठेवला आणि सराईतपणे एकेक खुंटी पिळत सहाही तारा त्या सुराला आणून लावल्या. मिनिटभराचं काम. "म्हाताऱ्यांना कानाचा प्रॉब्लेम होतो ना," तो मला म्हणाला, "बोलून दाखवलं की वाईट वाटतं. असं परस्पर करून टाकायचं. त्यांना कळणार पण नाही."

मी बघत होते. थांबव म्हणायला एक शब्द लागला असता. तो घशापर्यंत आला, तिथे आधी त्याचं व्याकरण तपासलं आणि तेवढ्यात सहावी तार लागून झाली.

काका आत आले, बसले, अंगठा तारांवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग दांड्यावरचा पिवळा पट्टा बघितला, जणू गिटार आपलीच आहे ना याची खात्री करत होते.

मिलिंदनं हसून सांगितलं की त्यानं जरा मदत केली.

काका रागावले नाहीत. त्यांनी सगळ्या तारा सैल केल्या, वाकले आणि तोंड भोकाशी नेलं. सूर निघाला, पण चढायच्या जागी तो कीबोर्डच्या सुरावर जाऊन बसला. त्यांनी मान झटकली. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा नुसता खोकला आला. जोगळेकरांनी कीबोर्ड बंद करायला सांगितला, पंखा बंद केला आणि सूर सापडला तर निसटू नये म्हणून काचेमागच्या खोलीत टेप चालू करून आले. काका डोळे मिटून बसले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"थोडी उतरवून घ्या की," मिलिंद म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "मघाशी होती तेवढी."

"किती तेवढी?" काकांनी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. "उतरवतो रे. पन थांबायचं कुठं, ते कलत नाय. मघाशी होता कानात. आता तिथं तुजी पेटी वाजतेय."

जोगळेकर हळूच म्हणाले, दामूशेठ, कीबोर्डचा सूर घ्या ना आजच्या दिवस, ऐकणाऱ्याला काय फरक पडणार आहे. काकांनी डाव्या हाताचं ते बोट उजव्या हातात धरलं आणि चोळलं. मग माझ्याकडे बघून हसले.

"बग कॉन्व्हेंट. जन्मात पयल्यांदा घाई हाय, नि सूर नाय."

ते उठले. गिटार गोधडीवर आडवी ठेवली आणि एका बाजूनं गोधडीचं टोक तिच्यावर घेतलं. झोपलेल्या माणसावर घेतात तसं, सावकाश.

मला तेव्हा कळलं. हिराबाई होती तेव्हा काका गिटारीत गुणगुणत नसत. नऊ वाजता स्टूल घेऊन अंगणात बसायचे, खुंटीवर बोटं ठेवायचे आणि नुसते थांबायचे. तेव्हा गुणगुणायची गरज नव्हती. कुंपणापलीकडे आमच्या जिन्यातून सूर येत होता. त्या सुरासाठी या माणसानं जन्मभर दुसरी पाळी केली. ती गेल्यावर तो त्यांनी स्वतःच्या तोंडात सांभाळला होता, रोज एकदा काढून बघत. आणि आज एका चांगल्या मुलानं तो मिनिटभरात पुसला होता, माझ्यासमोर.

मला गाता येत नाही. शाळेच्या प्रार्थनेतही मी नुसते ओठ हलवायची. पण दहा वर्षं रोज सकाळी त्या हाकेला मी अंघोळीला पळाले होते. ती कुठून निघते, कुठे चढते, वर गच्चीच्या दारापाशी किती वेळ लटकते, हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं.

काकांनी गोधडीचं दुसरं टोक उचललं. जोगळेकर काचेमागे टेप थांबवायला गेले होते, पण अजून हात पोचला नव्हता. मी उभी राहिले. वही खाली पडली. हिराबाई धरायची तसा एक हात तोंडाशी धरला, मोरांच्या गादीकडे बघितलं आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून वर द्यावी तशी हाक दिली:

"म्हावराऽऽ आयलाय गो बायऽऽ... ताजा म्हावराऽऽऽ"